बांधीतला अभ्यास

फोन आला तेव्हा मी तलावावर कपडे धूत होते. दोन हजार आठ-नऊचं साल असेल. गावात मोबाईल मोजके, आमचे निरोप किराणा दुकानात यायचे. दुकानदारकाका तलावाच्या पाळीवरूनच ओरडले, "पोरी, गोंदियावाल्यायनं तुले निवडलं म्हणते!" मी ओली साडी दगडावर तशीच टाकून पळत सुटले. साडी आईची होती. ती वाहत जाऊन थेट सांडव्यापाशी सापडली आणि माझ्या फेलोशिपचा पहिला दिवस शिव्या खाण्यात गेला. त्या दिवशी मला शिव्यासुद्धा गोड लागल्या.

गोंदियाच्या एका संस्थेची ही फेलोशिप म्हणजे काय हे आईला समजावणं अवघडच होतं. आपण राहतो त्याच गावातला एक प्रश्न निवडायचा, वर्षभर त्याचा अभ्यास करायचा, आणि उत्तर सापडलं तर गावातच काहीतरी बदलून दाखवायचं. त्यासाठी मानधनही मिळणार होतं.

"आपलंच गाव पाह्यचे पैसे देतेत?" आई म्हणाली. "येडे हायेत का ते?"

माझा प्रश्न खरं तर तीच होती. आदल्या वर्षी ऐन रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, तिला लघवीला आग सुरू झाली, मग हुडहुडी भरून ताप, आणि शेवटी तिला अर्जुनीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर किडनीवर जाईल." आई धान रोवणाऱ्या बायांच्या टोळीची मुख्य. पाऊस लागला की ती पुन्हा चिखलात उतरणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि दर रोवण्यात टोळीतल्या कितीतरी बायांना हेच व्हायचं. सगळ्या त्याला 'गरमी' म्हणायच्या, जिऱ्याचं पाणी प्यायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. भर पावसात ही गरमी येते कुठून? प्रशिक्षणात मी हे विचारलं तेव्हा गोंदियाच्या ताई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "यही करो, बस यही!" परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

पण पिकतं तिथे विकत नाही. मी घरोघरी फिरले. शेजारची काकू म्हणाली, "मले कायले इचारतेस? तुले नाई मालूम का?" दुसऱ्या घरी नवरा खाटेवर बसलेला. बाई म्हणाली, "मले तं काईच होत नाही," आणि चहा ठेवला. विहारात बैठक बोलावली तर बाया नटूनथटून आल्या, माझ्या लग्नाचा विषय काढून बसल्या आणि उठून गेल्या. आईने तर एका शब्दात निकाल लावला, "गरमी." मला असा राग आला की मी तिच्या हातचं जेवणार नाही म्हटलं. संध्याकाळी भूक लागली तेव्हा मुकाट्याने जेवले.

मग पाऊस लागला. टोळीत एक बाई कमी पडली आणि आईने मलाच ओढलं. "तुहा अभ्यास राहू दे आता. हात चालव."

ज्यांनी रोवणा केला नाही त्यांना सांगते. बाया ओळीने वाकतात आणि मागे मागे सरकत रोपं चिखलात खोचतात. सगळ्यांची तोंडं खाली. शेजारणीचे फक्त हात दिसतात. कोण बोललं ते आवाजावरून कळतं, पण कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. रोवताना म्हणायचं गाणं संपलं आणि मी चिखलाकडे बघत सहज विचारलं, "काकू, तुमाले बी आग होते का वं?"

"होते ना," काकूचा आवाज आला. "म्हणून तं मी सकारपासून पानीच पेत नाही."

"मी बी नाही पेत," पलीकडून आलं. त्याच्याही पलीकडून, "मी तं घरून निंगतानाच पेत नाही."

माझ्या हातातली रोपं गळून पडली. पाणी कमी प्यायलं की हाच आजार वाढतो, हे डॉक्टरीणबाईंनीच मला सांगितलं होतं! मी ताठ उभी राहून ओरडले, "काऊन? पानी काऊन पेत नाही?"

"वाक वं, पोरी!" सगळ्या एकदम म्हणाल्या.

मी वाकले आणि उत्तरं पुन्हा सुरू झाली. चहूकडे उघड्या बांध्या, धानाची नुसती खाचरं. दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून रोपांच्या पेंड्या आणणारे गडी. आडोसा म्हणाल तर लांब नाल्याकाठी बेशरमाची झुडपं. तिथे जाऊन येईपर्यंत ओळीतली आपली जागा तशीच राहते, आणि काम एकराच्या ठेक्याने असल्यामुळे बाकीच्या बोलून दाखवतात. त्यापेक्षा पाणीच नको.

माझं काळीज आनंदाने उड्या मारत होतं. दारोदार फिरून जे मिळालं नाही ते गुडघाभर चिखलात आपोआप हाती येत होतं. तेवढ्यात टोळीतली सगळ्यात नवी सून म्हणाली, "मले तं मावशीनंच सांगतलं, पयल्याच दिवशी. पान्याच्या गडव्याले हात नोको लावजो म्हणे."

मावशी म्हणजे माझी आई. ती माझ्या शेजारीच रोवत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मीच सांगतो सर्व्यायले," ती म्हणाली. "मह्या सासूनं मले सांगतलं होतं."

मग वाकूनच मी तिला सगळं सांगितलं, पाण्याचं आणि किडनीचंही. माझा राग कुठे गेला कोण जाणे, मला नुसती भीती वाटत होती. ती रोपं खोचत राहिली. बांधी संपली, आम्ही घरी आलो आणि तिने भाकरी टाकायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या शेतकऱ्याकडे काम होतं. उपटलेली रोपं धुऱ्यावर पडली होती, बांधीत पाणी भरलं होतं, आणि आमची टोळी नुसती उभी. आई उतरेना म्हणून कोणीच उतरेना. मालक छत्री सावरत धावत आले.

"काऊन उभ्या आहात वं? रोपं सुकून राहिली ना!"

"पयले आडोसा बांधा," आई म्हणाली. "चार बांबू न् ताडपत्री. मंग रोवणा."

"हे आता नवीनच! इतके वर्सं नाही लागला आडोसा?"

"इतके वर्सं आमी पानी पेत नव्हतो."

गडी खाली बघायला लागले. मालकांनी एकदा रोपांकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि गड्यांना बांबू आणायला पिटाळलं. मी धुऱ्यावरच नाचायची बाकी होते. वर्षभरात गावात काहीतरी बदलून दाखवायचं होतं, आणि आईने ते उभ्या उभ्या केलं होतं.

ताडपत्री बांधून झाली. आईने पदर खोचला, पण ती बांधीत उतरली नाही. तिने धुऱ्यावरचा गडवा उचलला आणि सगळ्यांसमोर मान वर करून घटाघटा पाणी प्यायली. अर्धा गडवा संपल्यावर तिने तो नव्या सुनेपुढे धरला.

"पे वं पोरी," ती म्हणाली. "मी तुले चुकीचं सांगतलं होतं."