वगळलेलं नाव

मी मुळात भित्रा माणूस. वरातीत डीजे वाजवतो म्हणून लोकांना मी मोठ्या छातीचा वाटतो, पण पोलिसाची गाडी दिसली की आवाज आधी मीच कमी करतो. त्या आठवड्यात महागावच्या बाजारात दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं, आणि अफवा पसरवाल तर आत टाकू असं पोलीस गाडीवरच्या भोंग्यातून सांगून गेले. आसपासच्या गावांतली पोरं उचलली होती. कोणकोणती, ते कोणी सांगेना. आया दारात बसून रस्त्याकडे बघत राहायच्या.

माझ्याकडे एफएमवर आवाज सोडणारी एक डबी होती, मीच जोडलेली. विहारातली सकाळची वंदना म्हाताऱ्यांना घरबसल्या रेडिओवर ऐकू यावी एवढाच तिचा उपयोग. परवाना-बिरवाना काही नाही. पकडलेल्या पोरांना जेवणाचे डबे नेणाऱ्याकडून बायकोने सगळी नावं विचारली, तोंडपाठ केली आणि म्हणाली, "रेडिओवर सांगून देऊ. मायबापाले समजन तरी, पोरगं कुठी हाय ते."

मी नको म्हणालो. तिच्यापुढे माझं नको किती टिकतं, हे आमच्या मांजरालाही ठाऊक आहे.

घरात कापूस भरून ठेवलेली खोली होती. तिथे आवाज घुमत नाही, बाहेरही जात नाही. भर दुपारी डबी चालू करून आम्ही आत बसलो. ती एकेक नाव गावासकट सांगत गेली, अगदी शांतपणे. शेवटाला ती अडखळली, आणि म्हणाली, "अन् एक नाल्याकाठच्या घरचा, आमच्या मामाजीच्या नावाचा."

मी वायर उपटली.

आमच्याकडे सून सासऱ्याचं, म्हणजे मामाजीचं, नाव घेत नाही. शिकलेली असो, विहारात माईकवर बोलणारी असो, घेत नाही म्हणजे नाही.

"नाव काहून नाही घेतलं?"

"घेऊन राह्यली होती. जीभच उचलली नाही."

ज्यांनी पोरं उचलली त्यांना नावं माहीत होतीच. रेडिओवर कोणतं वगळलं गेलं हे त्यांना लगेच कळणार होतं, आणि त्या नावाचा सासरा शोधला की त्याच्या घरात बोलणारी सून सापडणार होती. तिला हात धरून गाडीत बसवताहेत, असं मला डोळे उघडे असतानाही दिसत होतं. डबी मी कापसात खोल पुरली. माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या मामाजींना, सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. बंदोबस्ताला बाहेरून आलेला, पोरसवदा शिपाई होता. तो घरोघर म्हाताऱ्यांची नावं विचारत होता. बाबा ओट्यावर बसलेले. बायको दाराआड होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. बाबांचं आधार कार्ड आतल्या पेटीत होतं. त्याने ते मागितलं असतं तर सगळं संपलंच होतं.

"नाव काय?"

बाबांनी नाव सांगितलं. ते मी जन्मात एकदाच, आत्याच्या तोंडून ऐकलं होतं. मूल जगावं म्हणून आजीने ठेवलेलं, उकिरड्यावरचं नाव. शाळेत त्या नावावर पोरं थुंकायची. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा ते टाकून दिलं आणि मुलाला बुद्धाचं नाव दिलं. पुढे कोणी ते जुनं नाव उच्चारलं की बाबा अंगावर धावून जायचे. सख्ख्या बहिणीशी त्यावरून वर्षभर बोलले नव्हते.

शिपाई हसला. तो शोधत होता ते नाव हे नव्हतं. गाडीत चढताना त्याने वळून, त्याच नावाने, एकेरीत हाक मारली, "कोणी रेडिओवाली दिसली तर सांगशील रे."

बाबा ओट्यावरून उठून उभे राहिले. "जी साहेब," म्हणाले.