उसनी पाळी

कोळवण खोऱ्यात काही चोरीला गेलं, मग ती शेळी असो, सायकल असो नाहीतर देवळातली घंटा, की पोलिसांची जीप आधी कातकरवाडीवर यायची. ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्याकडं नंतर, सवडीनं. याचं कातकऱ्यांना नवल नव्हतं आणि पोलिसांना तर नव्हतंच. पोस्टमन सकाळी आधी पोस्टात जातो, तशी जीप आधी वाडीवर.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी वाडीतले झाडून सगळे गडी उचलून न्यायचे. दामू हिलमचा बाप तरणा होता तेव्हाची गोष्ट. ऐन भाताच्या आवणीत एका बागायतदाराच्या सुनेची नथ गेली. सगळे कातकरी आत, आणि चिखल करून ठेवलेली खाचरं तशीच पडली. रोपं पिवळी पडायला लागली तसे खोऱ्यातले चार मोठे शेतकरी मिळून ठाण्यावर गेले. कातकरी निर्दोष आहेत असं काही ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "सगळे कशाला ठेवता? एक ठेवा, बाकीचे आवणीला सोडा." फौजदारालाही पटलं, कारण इतक्या माणसांना भाकरी घालायची म्हणजे ठाण्याला तरी कुठं परवडत होतं? तेव्हापासून पाळी ठरली. पाटाच्या पाण्याला असते तशीच. चोरी झाली की जीप येणार, हवालदार विचारणार, "कुणाची पाळी?" आणि ज्याची असेल तो निघणार. दोन-तीन दिवस ठाण्याचं अंगण झाडायचं, पाणी भरायचं, चार तडाखे खायचे आणि परत यायचं. नथ पुढं पिठाच्या डब्यात सापडली. पण तोवर ठरून गेलं होतं, आणि ठरलेलं कशाला मोडा, असं सगळ्यांचंच मत पडलं.

पाळीची एक घोंगडी होती. ठाण्यातली फरशी गार, म्हणून वाडीनं वर्गणी काढून घेतलेली. ज्याची पाळी पुढची, त्याच्या दाराशी ती टांगलेली असायची. हवालदाराला विचारायचीही गरज पडत नसे. घोंगडी दिसली की त्या झोपडीपुढं जीप उभी.

दामूनं बापाकडून ती घोंगडी घेतली तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटलेली. नदीत मासे धरावेत, पावसाळ्यात खेकडे काढून रस्त्यावर विकावेत, लोकांच्या खाचरात राबावं आणि पाळी आली की जावं, असं त्याचं चाललेलं. स्वभावानं गोड माणूस. ठाण्याच्या मागं एक आंब्याची कोय त्यानं एका पाळीत पुरली, पुढच्या पाळ्यांत पाणी घातलं. त्या झाडाचे आंबे खाऊन दोन फौजदार बदलून गेले. एकदा तर दामू आत असतानाच खोऱ्यात दुसरी चोरी झाली. फिर्यादी धावत ठाण्यावर आला. हवालदार म्हणाला, "काळजी करू नका, मानूस आतच हाय." दोन्ही चोऱ्या त्याच एका पाळीत बसवल्या. वाडीवर याचं कौतुक झालं, कारण पुढच्या गड्याची एक खेप वाचली.

हा हवालदार म्हणजे नरहरी. पोट सुटलेला, निवृत्तीला टेकलेला, मनानं वाईट नव्हे. पाळीवाल्याला तो आपल्या पैशानं चहा पाजायचा आणि वडापाव आणला तर मिरची वेगळी मागून घ्यायचा.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात घोंगडी कुशाबा मुकणेच्या दारात होती. दारात मांडवही होता, कारण कुशाबाच्या पोरीची, गौतमीची हळद दुसऱ्या दिवशी. आणि नेमकी जीप आली.

"कुशाबा, चल रं," नरहरी म्हणाला. मग मांडव बघून ओशाळला. "आयला, आजच व्हय?"

तेव्हा शेजारच्या झोपडीतनं दामू आला आणि खुंटीवरची घोंगडी काढून खांद्यावर टाकली.

"चला हवालदारसाहेब. कुशाबाची पाळी मी घेतो उसनी. माझ्या येळंला तो जाईल."

"मला काय," नरहरी म्हणाला, "एक मानूस पायजे."

दामूची बायको गोजराबाई दारातनं म्हणाली, "अवो, हळदीला?"

"हळदीला न्हाई. लग्नाला येतो."

लग्नाला काही तो आला नाही.

गेलं होतं ते असं. पुण्याचे दयानंद म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी खोऱ्यात फार्महाऊस बांधलं होतं. व्हरांड्यात तांब्याचा मोठा बंब ठेवलेला. त्यात पाणी तापवत नसत, छत्र्या ठेवत. तो बंब नाहीसा झाला, छत्र्या जमिनीवर मांडून. दयानंदांची वरपर्यंत ओळख होती आणि त्यांनी ती वापरली. वरून फोन आला तसा ठाण्यातल्या नव्या फौजदारानं ठरवलं, की या खेपेला प्रकरण शेवटाला न्यायचं. त्या पाळीत दामूला चहा मिळाला नाही, पट्टा मिळाला. तिसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, की व्हय, बंब मीच नेला. कुठं ठेवला विचारलं, तर त्याला सांगता येईना. मग फौजदारानंच सुचवलं, "नदीत टाकला?" दामू म्हणाला, "व्हय, नदीत." उन्हाळ्यात त्या नदीला घोट्याएवढं पाणी असतं. पण तसं कागदावर लिहायची पद्धत नाही.

कच्च्या कैदेत महिना काढल्यावर सरकारी मदतीतनं एक वकील मिळाली. जुईली तिचं नाव, वयानं गौतमीपेक्षा थोडी मोठी. तिनं जामीन करून घेतला आणि मग तारखा सुरू झाल्या. तालुक्याच्या कोर्टात तारीख असली की दामू सकाळच्या यष्टीनं निघायचा आणि त्याच्या शेजारी कुशाबा, मांडीवर भाकरी आणि सुकटीचं गाठोडं. कुशाबाला कुणी बोलावलं नव्हतं. तो तिकीटही आपलं आपण काढायचा. कंडक्टरनं एकदा विचारलं, "दोघांवर केस हाय का?" कुशाबा म्हणाला, "केस माझी हाय. हा नुसता उभा ऱ्हातो."

अशीच तीन वर्षं गेली. एका तारखेला न्यायाधीशसाहेब रजेवर निघाले. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिघं भाकरी खात बसली होती. जुईली फायली चाळत म्हणाली, "दामूभाऊ, एक कळत नाही मला. पोलिसांनी तुम्हालाच कसं काय धरलं?"

"धरलं न्हाई बाई. मीच गेलो."

"म्हणजे?"

"पाळी कुशाबाची व्हती. त्याच्या पोरीची हळद. मग म्या गेलो."

जुईलीच्या हातातला घास हातातच राहिला. "कसली पाळी?"

दामूनं सांगितलं. नथ, आवणी, घोंगडी, आंब्याचं झाड, सगळं. मध्ये कुशाबानं दुरुस्ती केली, की झाड दामूनं लावलं पण कुंपण आपण घातलं. जुईलीनं भाकरी बाजूला ठेवली. "हे तुम्ही मला तीन वर्षांत कधीच का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं न्हाई. आन आमास्नी वाटलं, समद्यांस्नी ठावं हाय."

"शिक्षा झाली तर किती होईल माहीत आहे ना? तीन वर्षं तरी."

"तुरुंगाचं न्हाई वो भ्या," दामू म्हणाला. "तितं दोन टायमाला खायाला हाय म्हनत्यात. पर एकदा शाबीत चोर झालो की पाळी मोडली. मग खोऱ्यात काय बी जाऊ दे, मलाच नेणार. मरोस्तवर. घोंगडी माझ्याच दारात."

हे वाडीलाही कळलेलं होतं. एक म्हातारा एकदा शेकोटीशी म्हणून गेला, "वंगाळ खरं, पर बाकीच्यांची सुटका तर व्हईल." गोजराबाईनं ते ऐकलं. तिनं खेकड्यांचं कालवण केलं होतं. वाडीभर वाटलं, म्हाताऱ्याचं घर सोडून. दुसऱ्या दिवशी म्हातारा आपणहून म्हणाला, की तो तसं काही बोललाच नव्हता.

शेवटी खटला उभा राहिला. सरकारी वकिलांनी सुरुवातीलाच सांगितलं, "साहेब, आरोपी कातकरी आहे."

साहेब लिहीत होते. "ते आलंय कागदावर. पुढे?"

वकिलांनी कागद वरखाली केले. "पुढे म्हणजे... कातकरी आहे, साहेब."

पहिली साक्ष दयानंदांची. सज्जन माणूस, इस्त्रीचा सदरा. जुईलीनं विचारलं, "तुम्हाला दामू हिलम यांचा संशय होता?"

"मी ह्यांना ओळखतही नाही. ठाण्यात मला विचारलं, जवळपास कातकरवाडी आहे का. मी म्हटलं, आहे."

"मग?"

"मग त्यांनी संशय लिहून घेतला."

दुसरी साक्ष फार्महाऊसच्या रखवालदाराची. विकी त्याचं नाव, गॉगल डोक्यावर. त्यानं काळा माणूस पळताना पाहिला होता.

"दिवा होता?"

"लाइट गेलती."

"मग काळा कसा दिसला?"

"अंधारात काळाच दिसनार की."

"तो हाच माणूस, हे कशावरून?"

विकीनं इकडंतिकडं पाहिलं. मागच्या बाकावर कुशाबा बसला होता, त्याच्याकडंही पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे, पिंजऱ्यात तर हाच उभा हाय."

कोर्टात हसू फुटलं. दामू हसला नाही. तो नरहरीकडं बघत होता, कारण आता नरहरीचं नाव पुकारलं होतं.

जुईलीला रात्रभर झोप नव्हती. नरहरीनं नुसतं नाही म्हटलं, की संपलं. पाळीला कागद नाही, साक्ष कुणाची, तर कातकऱ्यांची. तिनं घसा खाकरला.

"हवालदार, चोरीची खबर आल्यावर तुम्ही आधी कुठं गेलात?"

"वाडीवर."

"फार्महाऊसवर नाही?"

"ते लांब पडतं."

"वाडीवर जाऊन काय विचारलंत?"

खरं म्हणजे इथं नरहरीनं सावध व्हायला हवं होतं. पण तो शपथेवर होता, निवृत्ती सहा महिन्यांवर होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला त्याच्या कामाची पद्धत विचारत होतं. त्याची छाती थोडी पुढं आली.

"इचारलं, कुनाची पाळी. तशी आपली रीतच हाय. उगाच धावपळ न्हाई, मारामारी न्हाई. वाडी एक मानूस देती, आपन न्यायचा. लई शिस्तीचं काम."

सरकारी वकील उभे राहिले, पण त्यांना काय हरकत घ्यायची ते सुचेना, म्हणून पुन्हा बसले. साहेबांचं पेन थांबलं.

"पाळी कोणाची होती?" साहेबांनीच विचारलं.

"कुशाबा मुकणेची. पन त्याच्या घरी कार्य व्हतं. दामूनं उसनी घेतली. मानूस भला हाय, साहेब."

मागनं कुशाबा उठला. "व्हय साहेब, माझीच व्हती." शिपायानं त्याला खाली बसवलं.

"आणि या रीतीनं," साहेब सावकाश म्हणाले, "आजवर एक तरी चोर सापडला?"

नरहरीनं मनापासून विचार केला. खोटं त्याला बोलायचं नव्हतं.

"चोर न्हाई सापडला, साहेब. पन मानूस कधी कमी पडला न्हाई."

निकाल पुढच्या तारखेला लागला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही आणि आरोपीविरुद्ध पाळीखेरीज पुरावा नाही, असं साहेबांनी वाचून दाखवलं आणि दामूला सोडून दिलं. शिवाय ठाण्याला लेखी तंबी, की ही रीत ताबडतोब बंद करावी. जुईलीनं डोळे पुसले. दामूला निम्मं समजलं. तो पिंजऱ्यातनं उतरेचना. शिपाई म्हणाला, "उतर की आता, दुसऱ्याला उभं ऱ्हायचंय."

बाहेर वडाखाली नरहरी एकटाच उभा होता. त्याच्या हातात कसला तरी खुलाशाचा कागद पडला होता. दामू जवळ गेला.

"दामू, म्या काय चुकीचं बोललो का रं?"

"न्हाई साहेब. समदं खरं बोलला."

"मंग?"

दामूनं नरहरीला चहा पाजला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हिशेब उलटा झाला. नरहरीनं दोन घोट घेतले आणि म्हणाला, "ते आंब्याचं झाड मातूर यंदा लई लागलंय."

वर्षभर खोऱ्यात काही गेलं नाही. किंवा गेलं असेल, वाडीला कळलं नाही. मग पुढच्या उन्हाळ्यात एका बंगल्यातनं पाण्याची मोटर गेली, आणि सकाळी लांबून धूळ उडताना दिसली.

कुशाबानं आपल्या दारातल्या खुंटीवरची घोंगडी काढली. तो कधीचा वाट बघत होता. दामूची उसनी पाळी त्याच्या डोक्यावर होती, आणि पोरगी बाळंतपणाला येण्याआधी त्याला ती उतरवून टाकायची होती. घोंगडी खांद्यावर टाकून तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. मागनं दामू आला, मागनं अर्धी वाडी.

जीप आली. गाडीत नवा हवालदार होता. त्यानं वाडीकडं पाहिलं, कुशाबाकडं पाहिलं, घोंगडीकडं पाहिलं. मग मान फिरवून त्यानं ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. जीप पुढं गेली आणि बंगल्याच्या रस्त्याला लागली. जिथं चोरी झाली तिथं.

"ओ साहेब!" कुशाबा हात हलवत चार पावलं पळाला. "ओ, हितं!"

धूळ बसली. कुशाबा तसाच उभा.

"चुकून गेली आसंल," तो म्हणाला. "येतील माघारी."

ऊन वर आलं. माणसं एकेक करून पांगली. कुशाबा काही हलेना. शेवटी गोजराबाई म्हणाली, "आता काय, बोलवाया जायचं त्यास्नी?"

"मंग ह्याची पाळी मी फेडू कशी?" कुशाबा चिडला. "पिंजऱ्यात तीन वर्सं ह्यो उभा ऱ्हायला. मार ह्यानं खाल्ला. लग्नातलं गोड बी न्हाई मिळालं ह्येला."

दामूनं त्याच्या खांद्यावरची घोंगडी काढून घेतली, झटकली, घडी केली.

"माझं झोपडं शाकारायचंय पावसाच्या आदी," तो म्हणाला. "ये एक दिस. फिटली."

"एकाच दिसात?"

"गवत लई लांबनं आनायचंय."

कुशाबानं विचार केला आणि कबूल झाला. दुपारी जीप परत गेली, तेव्हाही थांबली नाही. घोंगडी मात्र कुणी टाकली नाही. गोजराबाईनं ती आढ्याला बांधून ठेवली, कडुलिंबाचा पाला घालून, कसर लागू नये म्हणून.