तीनदा उसवलेली गादी

आमच्या गल्लीतली गादीवाली बोलायला लागली की माणसांनी ऐकायचं, आणि तिची बोटं चालायला लागली की कापसाने. भरलेल्या गादीवरून ती डोळे मिटून तळवा फिरवते आणि मध्येच थांबते. "इथे गुठळी आहे." तुम्ही-आम्ही दिवसभर चाचपलं तरी हाताला लागणार नाही. ती शिवण उसवते, आत कोपरापर्यंत हात घालते आणि हरभऱ्याएवढी गुठळी काढून तुमच्या हातावर ठेवते. धंद्याचा तिचा एकच नियम: गुठळी लागली की त्याच दिवशी उघडायची. "उद्यावर टाकली तर गादीत नाही, डोक्यात टोचते," असं म्हणते.

माझी गादी मी आठ दिवसांच्या बोलीवर तिच्याकडे टाकली होती. त्याला तीन आठवडे झाले. सोफ्यावर झोपून माझ्या पाठीचं धनुष्य झालं. रोज दुकानात जाऊन बसायचो. गादी तयार दिसायची, दाभणाचे शेवटचे टाके पडलेले असायचे, आणि ही बया माझ्यादेखत ते टाके पुन्हा कापायची.

"आता काय झालं?"

"गुठळी वाटतेय."

"काल काढलीस ना?"

"काल सापडली नव्हती."

तिसऱ्यांदा उसवली तेव्हा मी म्हणालो, "अगं, माझ्या पाठीला एवढं कळत असतं तर त्या ऑफिसातल्या खुर्चीत मी तीस वर्षं काढली असती का?"

एरवी अशा चेंडूवर तिने मला सीमापार केलं असतं. त्या दिवशी नुसती मान खाली घालून कापूस उपसत राहिली. तेव्हा मला पहिल्यांदा धास्ती वाटली.

तिची मोठी नणंद दुकानातच खोळी शिवते. तिने मला कापसाच्या गठ्ठ्यांमागे बोलावलं.

"काका, तिला छेडू नका. अंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागलीय. आपल्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तर तिथे तपासणीची तारीख मिळाली त्रेचाळीस दिवसांनंतरची."

"त्रेचाळीस?"

"हळू बोला. डॉक्टर म्हणाले, बहुतेक काही नसेल. तो 'बहुतेक' आता हिच्या मानगुटीवर बसलाय. दिवसातून वीसदा बाथरूममध्ये जाते. विचारलं तर म्हणते, हात धुतले. हात धुवायला कडी लावावी लागते का? आणि हे कुणाला बोलू नका, माझी शपथ आहे."

शपथ घालताना तिने माणूस जरा पारखून घ्यायला हवा होता. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे गल्लीला ठाऊक आहे. तरी मी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी फक्त न्हाव्याला सांगितलं, तेही गळ्यावर वस्तरा असताना. अशा वेळी माणसाने काही लपवू नये.

न्हाव्याचा हात थांबला. "माझ्या ताईलाही अशीच लांबची तारीख होती. ती रोज सकाळी बरोबर आठला फोन करायची. कुणी येणार नसेल तर ती जागा फोन करणाऱ्याला देतात. आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत."

"ताई कशी आहे आता?"

त्याने वस्तरा पुसला. "लवकर कळलं, म्हणून आहे."

अर्धी दाढी तशीच ठेवून मी दुकान गाठलं. गादीवालीने सगळं ऐकून घेतलं. मग नणंदेकडे पाहिलं. नणंद एकदम मशिनवर वाकली.

"म्हणजे न्हाव्याला कळलं. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळेल. काका, आधी तुमच्या तोंडाला खोळ शिवायला हवी होती." थोड्या वेळाने तिने विचारलं, "आठला म्हणाला?"

दुसऱ्या दिवसापासून आठ वाजता मशिन बंद, पिंजण बंद. फोन कानाला लावून ती गठ्ठ्यावर बसायची. पलीकडे तेच गाणं वाजत राहायचं. मग बाई यायची, "आज काही नाही." तिचा नवरा बसचा ड्रायव्हर. सव्वाआठच्या फेरीला तो दुकानासमोर बस मुंगीच्या पावलांनी न्यायचा. ही आतून नकाराची मान हलवायची. मागून प्रवासी ओरडायचे, बैलगाडी आहे का म्हणून. त्यांना काय माहीत. चार दिवसांनी फोनवरची बाई आवाज ओळखायला लागली. "गादीवाल्या ना? आज नाही हो." तेवढ्यानेही हिला बरं वाटायचं, आणि लगेच बाथरूमची कडी वाजायची.

बाराव्या दिवशी ती फोनवर नुसतं "हो" म्हणाली. मग पुन्हा "हो, हो, अकरा." उठली तर पायात चपला दोन वेगवेगळ्या.

"वन्सं, चला."

"केसात कापूस आहे तुझ्या."

"राहू दे. तोवर जागा दुसऱ्या कुणाला द्यायचे."

दुकानावर मी बसलो. सव्वाआठची बस आली. मी दोन्ही हात वर करून हॉस्पिटलच्या दिशेला दाखवले. तिच्या नवऱ्याने बस थांबवलीच. त्या दिवशी मात्र कोण ओरडलं ते माझ्याही लक्षात नाही.

दुपारी तीनला दोघी परतल्या. गादीवाली पाणी प्यायली.

"काय म्हणाले?"

"फोटो काढले. मग सुई घालून आतला तुकडा घेतला. डॉक्टर पोरगीच होती, पण बोटं चांगली होती तिची. एकदाच हात फिरवला आणि नेमकी थांबली."

"मग?"

"मग काही नाही. रिपोर्ट पुढच्या गुरुवारी."

ती उठली. माझी उसवलेली गादी पुढ्यात ओढली, डोळे मिटून तळवा फिरवला आणि डाव्या अंगाला थांबली. तिथेच बोट ठेवून बराच वेळ बसली. मी म्हटलं, झालं, आता पुन्हा आत हात घालणार. पण तिने दाभणात दोरा ओवला आणि शिवण बंद करायला घेतली.

"सापडली ना?" मी विचारलं.

"सापडली."

"मग?"

"आहे तिथे असू दे. गुरुवारपर्यंत थांबता येतंय का बघू. न्या घरी."

गेले पाच दिवस मी त्या गादीवर झोपतोय. खरं सांगतो, मला कुठे काही लागत नाही. पण रोज सकाळी ती दुकान उघडताना विचारते, "आहे का हो?"

मी म्हणतो, "आहे. थांबलीय."

"बरं," ती म्हणते आणि कापसाला हात घालते. आज रविवार आहे.