कार्डांना लावलेलं कुंकू

एम.फिल.च्या त्या वर्षांत एसटीत बसून बसून मी पुरता पिचलो होतो. आठवडाभर महाडच्या कॉलेजात शिकवायचं, शनिवारी पोलादपूरला आईकडे, आणि रजा मिळेल तेव्हा मुंबई, कारण कॉम्प्युटर तिथेच. गणितं सोडवणाऱ्या तयार प्रोग्रामांची एक लायब्ररी त्यात होती. आपण आपल्या प्रोग्राममधून त्यांना फक्त बोलवायचं. पण माझ्या एम.फिल.च्या गाइड सरांनी बजावलं होतं, "आधी तीन समीकरणांचा साधा नमुना चालवून दाखवा. तो चालला, तरच तुमच्या कामाला मशीन मिळेल." उत्तर मला पाठ होतं: एक, दोन, तीन. ते मशीनकडून यायला हवं होतं, एवढंच.

तेव्हा प्रोग्राम जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून मशीनला द्यायचा; अशी पंच केलेली कार्डं तपासायला आईकडे घरी आणली होती. तपासून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली आणि आंघोळीला गेलो. नंतर गाडीच्या घाईत पिशवी उचलली नि निघालो.

मुंबईत काउंटरवर पिशवी उघडली, तर वरच्या कार्डावर हळदकुंकवाची बोटं. ओल आत मुरून वरची पाच-सहा कार्डं फुगली होती. "ही मशीनमध्ये अडकतील," म्हणून ऑपरेटरने गठ्ठा परत सरकवला. माझी पाळी गेली. सर म्हणाले, "आता एकदाच. मग मी वेळ दुसऱ्याला देणार."

घरी येऊन आईवर भडकलो.

"नवी वस्तू घराभायेर जाते, तशीच कशी जाऊ द्याची?" ती म्हणाली. नव्या सुपालाही ती कुंकू लावायची.

"आई, कागद आहे तो! ओला झाला की संपला!"

ती उठून आत गेली. वाईट वाटलं, पण समजूत घालण्याइतकं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

पुढच्या खेपेला निघालो तेव्हा ती करंडा घेऊन दारात उभी. पिशवीकडे बघितलं, हात मागे घेतला, आणि बोट माझ्या कपाळावर टेकलं.

"तू भिजलास तर चालंल ना रे?"

मुंबईत खराब कार्डं नव्याने पंच केली, गठ्ठा दिला आणि बाकावर बसून राहिलो. संध्याकाळी ऑपरेटरने माझ्या कपाळाकडे बघून हसत कागद पुढे केला. एक, दोन, तीन. उत्तर पहिल्यापासून पाठ होतं, तरी काउंटर धरून मी उभ्याउभ्या रडलो.