तसनीमने दोन्ही विषय घेतले

महाडजवळच्या तुडील गावातल्या तसनीमला दहावीत गणितात ब्याण्णव मार्क पडले आणि तिच्या जुळ्या भावाला, ताबिशला, एक्कावन्न. दोघांना गणित शिकवणारे राजेश सर पेढे खायला घरी आले.

"मुलगी असून काय डोकं चालतं हिचं!" ते कौतुकाने म्हणाले. मग पोरांच्या आईला, कमरजहाँला, त्यांनी सल्ला दिला, "हिला अकरावीला बायो द्या. नर्सिंग, फार्मसी, काहीतरी होईल. ताबिशला मॅथ्स द्या. मुलांचं डोकं उशिरा उघडतं."

तसनीमला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. सर तर तिची स्तुतीच करत होते.

संध्याकाळी कुवेतहून अब्बांचा फोन आला. अब्बा, म्हणजे युसुफ, तिथे एसी दुरुस्त करायचे. लेकीचे मार्क त्यांनी दोनदा सांगायला लावले. "बेटा, तुला पायजे ते शिक. फक्त महाडातच शिक. इंजिनिअरिंग म्हंजे हॉस्टेल आलं. तिकडं आपलं कोन हाय?"

"आनी ताबिश?"

"तो पोरगा हाय गो. कुठंपन राहील."

ताबिश तिथेच बसला होता. त्याने पेढ्यांचा रिकामा खोका उचलून आत नेला.

ताबिशला सरांनी सांगितल्याप्रमाणे सायन्सला घालून मॅथ्स दिलं. तसनीमने शेवटी गणितही घेतलं आणि बायोही. कुणालाच नाही म्हणावं लागलं नाही, म्हणून तिला सुटल्यासारखं वाटलं.

महाडच्या कॉलेजात फिजिक्सच्या दिशा मॅडम होत्या. त्यांनी तिला बाजूला घेतलं. "बायो घरच्यांसाठी घेतलंस ना? सोडून दे. इंजिनिअर होऊन दाखव सगळ्यांना."

तसनीम गोंधळली. कारण तोवर तिला बायो आवडायला लागलं होतं. मायक्रोस्कोपखाली कांद्याची पातळ साल पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ती जागची हलेना. पण ही आवड आपली की सगळ्यांनी कानीकपाळी ओरडून आपल्यात भरलेली? आणि गणित? ते आवडतं, की 'मुलगी असून' हे शब्द ऐकायला आवडतात? ती जितका विचार करी, तितकी जास्त गोंधळे.

बारावीत ताबिश गणितात नापास झाला. तसनीमला मात्र लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला जागा मिळत होती आणि जवळच्या कॉलेजात फार्मसीलाही. लोणेरे तर दोन एसट्या बदलून रोज जाऊन-येऊन करण्यासारखं. हॉस्टेलचा प्रश्नच उरला नाही. अब्बा म्हणाले, "आता तूच ठरव."

दोन वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते ऐकून तसनीमला रडू फुटलं. तिला ठरवताच येईना.

ती मागच्या अंगणात ताबिशजवळ जाऊन बसली. "तू सांग रे, काय करू?"

"मला काय विचारतेस? तुला निदान नको तरी म्हनायचे. मला तर कोनी विचारलंच नाय."

"मग तुला काय करायचं होतं?"

त्याने काडी उचलून मातीत रेघा ओढल्या. मग म्हणाला, "बारक्या पोरांना शिकवायचं होतं. पयली-दुसरीच्या."

तसनीम त्याच्याकडे बघतच राहिली. मोहल्ल्यातली पोरं रोज त्याच्याभोवती गोळा व्हायची, तो त्यांना गोष्टी सांगायचा, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. तरी तिच्यासुद्धा मनात हे कधी आलं नव्हतं.

त्याच दिवशी ती अम्मीशी भांडली. "पोरगा बारक्या पोरांना शिकवनार? लोक काय म्हनतील?" अम्मी पुनःपुन्हा हेच म्हणत होती. भावासाठी तसनीमला एकेक शब्द चटचट सुचत होता. अब्बांनी फोनवर आधी आवाज चढवला, मग तिचं सगळं ऐकून म्हणाले, "ठीक हाय." ताबिशने बारावी पुन्हा आर्ट्समधून दिली. आता तो शिक्षक होण्याचा कोर्स करतो.

तसनीमने फार्मसी घेतली. राजेश सर म्हणाले, "मी म्हटलंच होतं!" दिशा मॅडमचा चेहरा उतरला. आपण हरलो की जिंकलो, हे तसनीमला अजून कळलेलं नाही. प्रयोगशाळेत मलम घोटताना तिचा हात छान चालतो, वेळ कसा गेला ते समजत नाही. पण कुणी विचारलं, "हे तूच निवडलंस ना?" की ती हो म्हणते, आणि मग दिवसभर त्या 'हो'चाच विचार करत राहते.