विंगेतला खोकला

नाटक मंडळीत त्यांचं खरं नाव कोणाला आठवेल तर शपथ. सगळे कुजबुजकाका म्हणत. काम काय, तर विंगेत पडद्याआड बुटक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता उघडायची आणि नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्या कानात पोचवायचा. शब्द नटाला ऐकू गेला पाहिजे, पहिल्या रांगेला नाही. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी एकदा बसून दाखवावं. एकदा भर प्रयोगात नायकानं दोन पानं गिळली, तर काकांनी त्याला कान धरून आणावं तसं मागे आणलं, आणि प्रेक्षकांना पत्ता नाही. हीच काकांची मिजास होती, आणि ती त्यांना शोभायची.

मग रक्तदाब निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली आणि बजावलं, "रोज सकाळी एक. बरं वाटलं तरी बंद करायची नाही. काही त्रास झालाच तर आधी मला येऊन सांगायचं." काकांनी मान डोलावली. मान डोलावायला काय जातं?

काही आठवड्यांनी कोरडा खोकला सुरू झाला. ताप नाही, कफ नाही, नुसती घशात खवखव. मध झाला, गरम पाणी झालं, भर उकाड्यात गळ्याला मफलर झाला. खोकला हटेना. आणि एका प्रयोगात नायिकेनं शेवटचा श्वास घेतला, सगळं प्रेक्षागृह चिडीचूप झालं, आणि विंग खोकली. लोक हसले. मेलेली नायिकासुद्धा पोट दाबून हसत होती.

मालक आवाज चढवून बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "काका, बरं वाटेपर्यंत दुसऱ्या कोणाला बसवू का?" काकांना ते जिव्हारी लागलं. स्टूल गेलं की काका गेले, असा त्यांचा हिशोब होता.

पुढे एका दौऱ्यावर गोळ्या घरीच राहिल्या, आणि दौरा संपत आला तोवर खोकला गायब. काकांच्या डोक्यात उजेड पडला. चोर त्यांनी बरोबर पकडला होता, हे मान्य केलंच पाहिजे. आता त्याला डॉक्टरीणबाईंसमोर उभा करायचा, एवढंच राहिलं होतं. पण काकांना वाटलं, बाई म्हणतील नाटक सोडा. म्हणून या शहाण्या माणसानं स्वतःच कारभार हातात घेतला. प्रयोगांचा हंगाम आला की गोळी बंद, सुट्टी लागली की चालू. तपासणीच्या आधी मात्र न चुकता घ्यायची, प्रयोगाआधी तालीम करावी तशी. मग दाब बरा यायचा. डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणायच्या, "छान, असंच चालू ठेवा." काकांनी तसंच चालू ठेवलं.

त्यांची बायको मंडळीच्या कपडेपटात होती. रोज सकाळी इस्त्री तापवता तापवता ती विचारायची, "अहो, गोळी घेतली?"

"घेतली गं."

एरवी हा माणूस तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. म्हणून तर तिनं कधी खोदून विचारलं नाही.

हंगाम ऐन भरात असताना एके दिवशी दुपारी तालीम होती. सकाळपासून काकांचं डोकं जड होतं. नायक अडला, त्यानं सवयीनं विंगेकडे पाहिलं. काकांचं बोट ओळीवर होतं, शब्द समोर दिसत होता, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. नायकाला वाटलं, काका चेष्टा करताहेत. तो हसला. बायको अंगरखा घेऊन दारात आली होती. तिला काकांचं वाकडं झालेलं तोंड दिसलं, आणि तिच्या हातातला अंगरखा तिथंच पडला.

दवाखान्यात ती डॉक्टरीणबाईंना पुन्हा पुन्हा सांगत होती, "रोज घेत होते हो गोळी. मी विचारायचे ना." काका ऐकत होते. उजवा हात अंथरुणावर ओंडक्यासारखा पडला होता. बऱ्याच खटपटीनंतर त्यांच्या तोंडून दोन शब्द निघाले, "नव्हतो... घेत."

बाईंनी कारण विचारलं. काकांनी डावा हात गळ्याला लावला आणि खोटं खोटं खोकून दाखवलं.

 बाई म्हणाल्या, "अहो, त्या गोळीनं काही जणांना कोरडा खोकला येतो. मला एका शब्दानं सांगायचं होतं. दुसरी गोळी लिहून दिली असती. नाटक सोडायची काही गरज नव्हती."

काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. जन्मभर दुसऱ्यांना वेळेवर शब्द दिला आणि स्वतःचा एक शब्द गिळून बसले, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बायकोनं पदरानं त्यांचे डोळे पुसले, पण ती त्यांच्याकडे पाहत नव्हती.

आता गोळी बदलली आहे. काका काठी टेकत चालतात, मोजकं बोलतात. मालकांनी एका दुपारच्या प्रयोगाला त्यांना मानानं बोलावलं आणि जुन्या स्टुलावर बसवलं. शेजारी नवी मुलगी संहिता घेऊन बसली होती. तिसऱ्या अंकात नायक अडला आणि त्यानं पाहिलं ते काकांकडेच. काकांना ओळ पाठ होती. घसा स्वच्छ होता, अख्ख्या प्रयोगात एकदाही खवखवला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं. शब्द आलाच नाही. मुलीनं तो दिला आणि नाटक पुढे गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं इस्त्री बाजूला ठेवून विचारलं, "गोळी?"

"घेतली," काका म्हणाले. हा एक शब्द त्यांना आता स्पष्ट येतो. तरी ती उठली, गोळ्यांचं पाकीट उघडून तिनं त्या दिवसाच्या गोळीचं रिकामं झालेलं घर पाहिलं आणि मग चहा ठेवायला गेली. रोज तसंच करते.