कपाटातल्या सवतीची आंघोळ

मनोहरराव गिरडकर देवघरातल्या देवांना रोज सकाळी घाईघाईत पाणी घालत, पण कपाटातल्या देवाची पूजा रविवारी साग्रसंगीत होई. हा देव म्हणजे स्टेनलेस स्टीलचं विलायती रिव्हॉल्व्हर. इतवारीच्या बाजारात त्यांची मिरचीची अडत होती. भिवापूरहून माल आणताना उमरेडचं जंगल ओलांडावं लागतं, असं कारण लिहून त्यांनी एकोणीसशे सत्तरच्या सुमारास परवाना काढला होता. बाकीच्या अडत्यांकडे काळ्या, तेलकट बंदुका. यांचं मात्र चांदीसारखं झळझळीत. शेजारचे गोपाळराव विचारत, "भांड्याच्या दुकानातून आणलं का गा?" मनोहररावांना ते कौतुकच वाटे.

जंगलात एकदा रानडुक्कर मोटारीसमोर आडवं आलं. मनोहररावांनी ऐटीत रिव्हॉल्व्हर काढलं आणि नळीवर त्यांना बोटाचा ठसा दिसला. तो धोतराच्या सोग्याने पुसून होईपर्यंत डुक्कर आपल्या वाटेने निघून गेलं. उभ्या जन्मात त्यांनी एक गोळी झाडली नाही. गोळीच्या धुराने नळी काळी पडते, असं कोणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं.

विकताना दुकानदाराने साफ सांगितलं होतं, मऊ फडकं आणि तेलाचा थेंब, एवढंच पुरे. पण एवढ्याने मनोहररावांचं समाधान कुठून व्हायला? स्टील ते स्टील, आणि राखेवाचून ते स्वच्छ निघत नाही, हे त्यांनी घरोघरी पाहिलेलं. म्हणून ते गोवरीची राख वस्त्रगाळ करून घेत, चिंचेचं पाणी करत, गोळ्या डब्यात बंद करत आणि ओसरीवर मांडी ठोकून बसत. नळी, गोळ्यांचं चाक, घोडा, सगळं अंग न् अंग घासलं जाई. लाकडी मूठ मात्र ते वरूनच पुसत. तिचा स्क्रू काढला आणि परत बसलाच नाही तर, ही त्यांची कायमची धास्ती.

आत वच्छलाबाई भांडी घेऊन खोळंबलेल्या असत. त्या ओरडत नसत, नुसतं विचारत, "अजी, सवतीची आंघोळ झाली असन तर राख द्या ना इकडे."

परवाना नवा करायची वेळ आली की मनोहरराव इस्त्रीचा सदरा घालून ठाण्यात जात. हवालदार बळीराम आधी रिव्हॉल्व्हरमध्ये आपल्या मिशा पाहून घेई आणि मग शिक्का मारी. त्या वर्षी मात्र नवे फौजदार आले होते. त्यांनी भिंग काढलं, नळीखालची पोलादी पट्टी उजेडात धरली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"नंबर कुठाय?"

"तिथंच होता जी."

"होता म्हणजे?"

"घासून राहिलो न जी, दर रविवारी," मनोहरराव म्हणाले. त्यांना वाटलं, साहेब आता शाबासकी देतील.

फौजदारांनी भिंग खाली ठेवलं. नंबर पुसलेलं हत्यार दरोडेखोरांकडे सापडतं, गिरडकर, असं ते शांतपणे म्हणाले. परवान्यावरचा नंबर याच रिव्हॉल्व्हरचा, हे ठरलं नाही तर ते जप्त होऊन मालखान्यात जाणार होतं, आणि मनोहररावांवर खटला. खटल्यापेक्षा त्यांना मालखान्याची ओल डोळ्यांपुढे दिसत होती. बाकावर बसून ते चक्क रडले.

बळीरामने गोपाळरावांकडे निरोप धाडला आणि गोपाळराव वच्छलाबाईंना सायकलरिक्षातून घेऊन आले. सगळं ऐकून घेतल्यावर वच्छलाबाईंनी पदर सावरला.

"साहेब, भांड्यावर नाव घालतात ना, ते घासून घासून काठावरचं जाते. माह्या बाबानं म्हणून बुडाशी बी घालून देल्लं होतं. याले बी कुठं बूड असन तर पाहा. ती मूठ काढा. तिथं यायचा हात कधीच गेला नाही."

बळीरामने स्क्रू काढला. लाकूड सुटताच आतून मिरचीची लालभडक पूड सांडली आणि आख्खं ठाणं शिंकू लागलं. फौजदारांनी डोळे पुसत भिंग लावलं. खाली पोलादावर गंजाचे तांबूस ठिपके होते, आणि त्या ठिपक्यांत नंबर जसाच्या तसा, एकही आकडा न झिजलेला. परवान्याशी तो तंतोतंत जुळला. मूठ पुन्हा बसलीही, अगदी सहज.

परतताना रिक्षात मनोहररावांनी रिव्हॉल्व्हर रुमालात गुंडाळून मांडीवर धरलं होतं. जीव भांड्यात पडला होता, पण ते ठिपके काही डोळ्यांपुढून हलेनात.

"एवढं जपलं, तरी गंजलं वं," ते म्हणाले. "आता तिथं बी घासा लागन."

"राहू द्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमची नजर गेली नाही, म्हणूनच तो नंबर टिकला. मी बी तशीच टिकली ना."

त्या हसत होत्या, पण मनोहररावांना हसू आलं नाही. घर येईपर्यंत ते रिक्षावाल्याच्या पाठीकडे पाहत राहिले.

रविवारी ओसरीवर चटई पडली. राख आली, चिंच आली. कपाट मात्र उघडलं नाही. मनोहररावांनी स्वयंपाकघरातून सासऱ्यांनी दिलेला पाण्याचा पितळी गुंड उचलून आणला आणि उलटा केला. काठावर नुसत्या रेघा उरल्या होत्या. बुडाशी मात्र कोरलेलं स्पष्ट वाचता येत होतं: चि. जया. लग्नात त्यांनीच तांदळात बोटाने 'वच्छला' लिहून ते नाव बदललं होतं आणि मग साफ विसरून गेले होते.

त्यांनी ते एकदा मनात वाचलं, मग हळूच मोठ्याने. चुलीपाशी बसलेल्या वच्छलाबाईंनी वळून पाहिलं. मनोहररावांचा हात सवयीने राखेकडे गेला होता.

"राख नका लावू," त्या म्हणाल्या. "नुसतं फडक्यानं पुसा."